भिंतीत डबा सापडला, आता पुढं काय करायचं?

प्रश्न विचारणारे गृहस्थ औसा तालुक्यातले. पणजोबांच्या काळातला माळवदी, म्हणजे मातीच्या सपाट छपराचा, वाडा उतरवून त्याच जागी स्लॅबचं घर बांधायचं काम चालू आहे. माजघर आणि देवघर यांच्यामधली भिंत काढताना पहारीला पोकळ आवाज आला. वरचे दोन दगड हलवल्यावर आत बुजवलेली देवळी, म्हणजे भिंतीतला कोनाडा, निघाली आणि देवळीत झाकणाचा पितळी डबा. डब्यात चांदीची नाणी, लाल कापडात बांधलेले कागद, लहान मुलाचे वाळे. डब्यामागं आडवी ठेवलेली एक कट्यार. चुलते म्हणतात, गप्प बसा, नाही तर सरकार उचलून नेईल. मिस्त्री म्हणतो, पूजा घातल्याशिवाय मी पुढं हात लावणार नाही. गावातला एक जण सांगतो, हा तर नुसता इशारा आहे, खरा हंडा खाली आहे, अमावास्येला बघू. आणि यांना विचारायचंय ते असं: याची किंमत किती, हे कायद्यानं कोणाचं, आणि अजून काही असेल का?

मी गुत्तेदार आहे. जुने वाडे उतरवणं आणि दुरुस्त करणं, यातच माझी बरीच वर्षं गेली. लातूर, धाराशिव, बीड, परभणी या पट्ट्यात असं काही निघालं नाही असा हंगाम क्वचितच जातो. माझ्या अनुभवानं सांगतो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं डब्यात कमी आणि देवळीत जास्त असतात. वस्तू नेमकी कुठं होती, कशी ठेवली होती, वरून कशानं बुजवली होती, यावरून ती कधी ठेवली आणि कोणी ठेवली हे कळतं. मालकी आणि किंमत पुढं त्यावरच ठरते. डबा घरात नेऊन, नाणी घासून, कागद उन्हात पसरून मग विचारायला आलात तर अर्धा पुरावा तुम्ही स्वतःच पुसलेला असतो.

म्हणून पहिल्या दिवशी करायचं एवढंच. काम थांबवा. देवळी तशीच उघडी ठेवून फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. देवळीची जमिनीपासूनची उंची, भिंतीची जाडी, तोंड बुजवायला वापरलेली माती किंवा चुना, हे सगळं फोटोत आलं पाहिजे. डबा हलवला असेल तर ज्यानं हलवला त्याच्याकडूनच पुन्हा जागा दाखवून घ्या. मग घरातली दोन माणसं, ज्याच्या हाताला डबा लागला तो कामगार आणि गावातले दोन भले लोक बसवून साध्या कागदावर यादी करा: नाणी किती, कागदांची गाठोडी किती, इतर काय. तारीख टाका, सह्या-अंगठे घ्या. कामगाराचं नाव यादीत असलंच पाहिजे. ते का, हे कायद्याच्या भागात सांगतो.

आता जागेचं. आपल्याकडच्या जुन्या घरात वस्तू ठरावीक ठिकाणी निघतात आणि प्रत्येक ठिकाणाचा अर्थ वेगळा असतो.

बुजवलेली देवळी म्हणजे कोणीतरी विचार करून, परत येऊन काढायच्या इराद्यानं ठेवलेली वस्तू. तुमच्या बाबतीत मला हेच दिसतं. तोंड कशानं बंद केलंय ते बघा. भिंत मातीत रचलेली असून देवळीचं तोंड तेवढं चुन्यानं किंवा पक्क्या विटेनं बंद केलं असेल, तर ते काम बहुधा घर बांधल्यानंतर झालंय. तोंडावरचा गिलावा आजूबाजूच्या गिलाव्याला जुळत असेल आणि त्यावर चुलीच्या धुराचे तेच थर चढले असतील, तर काम पुष्कळ जुनं.

बळदाच्या तळाशी निघालेली वस्तू वेगळी. भिंतीतल्या धान्याच्या कोठारात बाईमाणसं आपली चार दागिन्यांची पुरचुंडी ज्वारीखाली ठेवत. पुष्कळदा ती तिथंच विसरली जाई, किंवा ठेवणारी व्यक्ती कोणाला न सांगता जाई. ती लपवणूक नवऱ्यापासून, सावकारापासून, दरोड्यापासून, कशापासूनही असेल, पण ती घरातलीच आहे.

घराच्या आग्नेय कोपऱ्यात जमिनीखाली छोटी धातूची प्रतिमा, त्याबरोबर पोवळं, मोती, सोन्याचा कण असं काही निघालं, तर तो वास्तुशांतीच्या वेळी पुरलेला वास्तुपुरुष. त्याला गुप्तधन समजून पुढं खणत जाऊ नका. न्हाणीजवळ किंवा परसात तोंड बांधलेलं मातीचं गाडगं निघालं आणि आत फक्त काळी माती असली, तर बहुधा ती बाळंतपणानंतर पुरलेली वार. अशी गाडगी फोडून बघणारे लोक मी पाहिलेत आणि घरातल्या म्हाताऱ्या बायकांना त्याचं किती वाईट वाटतं तेही पाहिलंय.

माळवदाच्या मातीचं तर स्वतंत्रच प्रकरण आहे. किलचणाच्या, म्हणजे तुळयांवर अंथरलेल्या लाकडी फळकुटांच्या, वर जी पांढरी माती टाकतात, ती आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या जुन्या टेकाडावरून, ओसाड गावठाणावरून आणलेली असते. ती चिवट असते, पाणी खाली झिरपू देत नाही, म्हणून वापरतात. पण ते टेकाड म्हणजे जुनी वस्ती. धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे सातवाहन काळातलं तगर. तिथल्या पांढरीत मणी, मातीच्या मूर्ती, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे लोकांना सहज सापडत आले. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी असे नग आयुष्यभर जमवले आणि त्यातून तेरचं आजचं सरकारी वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. पैठण, तेर, भोकरदन या गावांच्या आसपास माळवद उतरवताना मातीत मणी किंवा शिशाचं बारकं नाणं निघालं, तर ते पणजोबांनी लपवलेलं नसतं. घर शंभर वर्षांचं आणि वस्तू अठराशे-दोन हजार वर्षांची असू शकते, कारण ती मातीबरोबर छपरावर चढली. म्हणून माळवदाची माती ट्रॅक्टरनं थेट शेतात टाकायच्या आधी एकदा चाळणीतून घालायला सांगतो मी. खर्च एक दिवसाच्या मजुरीचा.

आता तुमच्या नाण्यांकडं येऊ. तुम्ही पाठवलेल्या वर्णनात एका बाजूला चारमिनार आहे. म्हणजे हा हाली सिक्का, निजामाच्या राज्याचं स्वतःचं चलन. एक नाणं हातात घ्या, कडेनं धरा आणि चारमिनारच्या मधल्या कमानीत भिंगानं बघा. तिथं एक उर्दू अक्षर असतं. मीम असेल तर सहावे निजाम महबूब अली खान, ऐन असेल तर सातवे निजाम उस्मान अली खान. उस्मान अली 1911 साली गादीवर आले. म्हणजे एकाही नाण्यावर ऐन असेल, तर डबा 1911 च्या आधी बंद झालेला नाही, हे पक्कं. नाण्यावर हिजरी साल असतं: 1329 म्हणजे 1911, 1340 म्हणजे 1921-22, 1362 म्हणजे 1943. डब्यातलं सर्वांत जुनं नाणं फार काही सांगत नाही, कारण जुनी नाणी दीर्घकाळ चलनात राहत. सर्वांत नवं नाणं शोधा. डबा त्यानंतरच कधीतरी भिंतीत गेला. कागदावर फसली, म्हणजे निजामी महसुलाचं, साल असेल तर त्यात साधारण 590 मिळवा, शके असेल तर 78. फसली 1357 म्हणजे 1947-48.

हे 1947-48 चं साल मराठवाड्यातल्या भिंतींमध्ये वारंवार भेटतं. रझाकारांच्या धास्तीनं सरहद्दीजवळची कितीतरी कुटुंबं रातोरात बार्शी-सोलापूरकडं गेली. जाताना जे नेता येईना ते भिंतीत गेलं. आणि सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर धाराशिव, नांदेड, बीदर या भागांत मुस्लिम कुटुंबांवर जे बेतलं, त्यात त्यांनाही घरं टाकून जावं लागलं. त्यामुळं घर तुमच्या कुटुंबाकडं केव्हा आलं हे खरेदीखतात आधी बघा. ते 1948 नंतर विकत घेतलेलं असेल आणि डबा त्याआधीचा असेल, तर तो दुसऱ्या कोणाचा तरी आहे. त्यांचे वारस कदाचित शेजारच्याच तालुक्यात असतील. तुमच्या पत्रात वाडा पणजोबांनीच बांधला असं आहे, तेव्हा तुमचं पारडं जड आहे. पण हे कागदानं दाखवावं लागेल.

किमतीबद्दल लोकांच्या डोक्यात भलते आकडे असतात. हाली रुपयाचं वजन सुमारे 11.2 ग्रॅम आणि त्यात चांदी 81.8 टक्के. इंग्रजी कलदार रुपया 11.66 ग्रॅमचा आणि 1940 पर्यंत 91.7 टक्के चांदीचा. म्हणूनच 100 कलदारांना 116 च्या वर हाली रुपये मोजावे लागत. चारमिनारचे रुपये लाखांनी पडले, त्यामुळं नेहमीच्या सालाचा रुपया चांदीच्या भावापेक्षा थोडाच वर जातो. एखादं साल दुर्मीळ असतं, ते नाण्यांच्या जाणकारालाच कळतं, आणि तेही नाणं मूळ अवस्थेत असेल तरच. चिंच, राख, पितांबरी, टूथपेस्ट यातलं काहीही लावू नका. नाण्यावरची काळपट साय ही खराबी नसते. ती घासली की वरचे बारीक अक्षरांचे कंगोरे जातात आणि मग त्या नाण्याला मोडीच्या चांदीचाच भाव येतो. डब्यावरच्या हिरव्या थरालाही हात लावू नका. प्रत्येक नाणं वेगळ्या साध्या कागदाच्या पाकिटात ठेवा, बस.

कायद्याचं ऐकून चुलत्यांची भीती बरीच कमी होईल. याला लागू पडतो 1878 चा भारतीय निखात निधी अधिनियम. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही लपवलेली मौल्यवान वस्तू म्हणजे निधी, आणि भिंत ही जमिनीला जोडलेलीच. किंमत 10 रुपयांपेक्षा जास्त असली की सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, अंदाजे किंमत, कुठं, कोणत्या तारखेला. शिवाय वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा तिच्याबद्दल हमी द्यायची. जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात आणि 4 महिन्यांनंतरची पण 6 महिन्यांच्या आतली तारीख देऊन हक्क सांगणाऱ्यांना बोलावतात. ही वस्तू गेल्या 100 वर्षांत आमच्याच माणसानं ठेवली होती, असं ज्याला म्हणायचंय त्याला दिवाणी न्यायालयात ते सिद्ध करायला मुदत मिळते. सर्वांत नवं नाणं शोधा म्हणून मी का सांगत होतो, ते इथं कामाला येतं. वाळे कोणाच्या बारशाचे, हे सांगणारी एखादी आजी घरात असेल तर तिचा जबाब आजच लिहून घ्या.

कोणाचाच हक्क सिद्ध झाला नाही तर निधी बेवारस ठरतो. मग जागामालक आणि सापडणारा यांच्यात आधीचा करार असेल तर त्याप्रमाणे वाटणी, करार नसेल तर तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा मालकाला. होय, मोठा वाटा पहार चालवणाऱ्याचा. म्हणून त्याचं नाव यादीत हवं. माझ्याकडच्या कामात मी मालकाशी हे आधीच लिहून घेतो, आणि लिहिलेलं कामगाराला वाचून दाखवतो. ज्याला आपल्याला यातून काहीतरी मिळेल याची खात्री असते, तो वस्तू कमरेला खोचून नेत नाही. सरकारला वस्तू संग्रहासाठी हवी असेल तर ते घेऊ शकतं, पण त्यातल्या मालाची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन. आणि दडवलं तर? सापडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि त्याचा वाटा सरकारजमा. मदत करणाऱ्या जागामालकालाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गावात बातमी चोवीस तास गुप्त राहत नाही, हे तुमच्या चुलत्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. तालुक्याच्या वकिलाकडून अर्ज लिहून घ्या आणि पोच घ्या.

दुसरा कायदा 1972 चा पुरावशेषांचा. 100 वर्षांपेक्षा जुनी वस्तू आणि 75 वर्षांपेक्षा जुनं महत्त्वाचं हस्तलिखित त्यात येतं. मूर्ती, चित्रं, चित्रांच्या पोथ्या अशा काही वर्गांची नोंदणी करावी लागते आणि पुरावशेषांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. पुण्या-मुंबईहून गाडी घेऊन येणारा, रोख पैसे दाखवणारा माणूस दारात आला तर त्याच्याकडं परवाना मागा. बहुतेक जण तिथूनच परत फिरतात. वाड्यात हरणाची शिंगं, वाघाचं कातडं असं काही निघालं तर तो वन्यजीव कायद्याचा विषय, तेव्हा वन विभागाला कळवायचं.

कट्यारीचं पातं मोजा. 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद धारदार पातं शस्त्रांच्या नियमांत येतं, म्हणून पोलीस ठाण्यात लेखी माहिती देऊन ठेवा. मिरवणुकीत नाचवू नका, फोनवर फोटो फिरवू नका. आणि पुढच्या भिंतीत कधी ठासणीची बंदूक निघाली तर तिला हातही लावू नका. त्या भरून ठेवलेल्या असतात आणि दारू कोरडी राहिलेली असू शकते. ठाण्यातून माणूस येईपर्यंत त्या खोलीत कोणाला जाऊ देऊ नका.

आता मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती कागदांची, कारण लोक नाणी सांभाळतात आणि कागद पायरीवर झटकतात. लाल कापडातलं ते गाठोडं म्हणजे दप्तराचा रुमाल. असा एक रुमाल एका वाड्यातून निघाला तेव्हा वरचे चार-पाच कागद वाळवीनं जाळीदार झाले होते आणि आतला, कडेला मातीनं चिकटलेला कागद बाहेर ओढताच घडीवर तुटला. त्याच्याखालचे आम्ही ओढले नाहीत, रुमालासकट ताटात घेतले. मधले सगळे शाबूत निघाले. आत मोडीतली जमिनीची वाटणी आणि उर्दूतली महसुलाची पावती होती. निजामी राज्यात 1880 च्या दशकात फारसी जाऊन उर्दू ही कारभाराची भाषा झाली, आणि घरगुती व्यवहार मात्र मोडीत चालू राहिले. त्यामुळं आपल्याकडं एकाच रुमालात दोन्ही लिप्या असतात.

तुमचा रुमाल सावलीत, हवा खेळती राहील अशा ठिकाणी, सपाट थाळीत ठेवा. उन्हात नको, प्लास्टिकच्या पिशवीत नको, चिकटपट्टी तर अजिबात नको आणि लॅमिनेशन कधीच नको. घडी कडक वाटली तर उघडू नका. छत्रपती संभाजीनगरला राज्य पुराभिलेखागाराचं कार्यालय आहे, तिथं किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागात विचारा. मोडी वाचणारे लोक आता बऱ्याच तालुक्यांत आहेत. त्यांना फोटो द्या, मूळ कागद देऊ नका. 2023 पासून निवृत्त न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामामुळं निजामकालीन कुणबी नोंदींना जो अर्थ आलाय, तो तुम्हाला सांगायला नको. या नोंदींच्या नावाखाली मूळ कागद मागून नेणारे पुष्कळ फिरतात. तुमच्या जमिनीचा 1954 च्या खासरा पाहणीच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीच्या, आधीचा धागाही याच रुमालात असू शकतो, आणि घरच्या वाटणीच्या दाव्यात तो वीस चांदीच्या रुपयांहून जास्त कामाचा आहे.

शेवटचा प्रश्न, अजून काही असेल का. असू शकतं. पण त्यासाठी खणू नका. आपल्या भिंती दोन्ही बाजूंनी दगडाच्या आणि मध्ये माती-खड्याची भर अशा असतात. आरपार दगड क्वचित असतात, म्हणून 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात त्या पोट फुटल्यासारख्या उघडल्या आणि वरचं माळवद माणसांवर आलं. दीड फूट मातीचं माळवद एका चौरस मीटरला 700-800 किलो भरतं. अशा भिंतीला रात्रीच्या अंधारात बॅटरीच्या उजेडात भोक पाडणं म्हणजे जीव गमावणं आहे. आधी माळवदाची माती उतरवा, मग नाटा-तुळया, मग भिंत वरून खाली एकेक थर. जे असेल ते आपोआप हाती लागेल.

जमिनीखालचं धान्याचं पेव निघालं तर आत उतरू नका. बंद पेवात उरलेलं धान्य कुजताना प्राणवायू संपलेला असतो आणि जड कार्बन डायऑक्साईड तळाशी बसलेला असतो. एक जण खाली गेला, पडला, त्याला काढायला दुसरा गेला आणि दोघंही गेले, अशी घटना ऐकली नाही असा जिल्हा नाही. तोंड पूर्ण मोकळं करून दोन-तीन दिवस ठेवा आणि तरीही माणूस आत न घालता वरूनच माती काढा किंवा भरून टाका.

अमावास्येवाल्या गृहस्थांना घरात घेऊ नका. गुप्तधनाच्या नावाखाली करणी-भानामतीचे अघोरी प्रकार करणं महाराष्ट्रात 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि या असल्या नादात माणसं मेलीत, लेकरं मेलीत. मिस्त्रीची भीती मात्र खरी आहे, तिला हसू नका. त्याला नारळ फोडायचा असेल तर फोडू द्या, पाच मिनिटांचं काम आहे. मग दिवसा, यादीवर त्याची सही घेऊन, नाटांना टेकू देऊन त्याच भिंतीपासून पुन्हा सुरुवात करा. आणि जेसीबी लावायचा असेलच, तर सगळी आतली भिंत हातानं उतरल्यावर, फक्त पायासाठी लावा.